लेफ्टनंट शशांक तिवारी: उत्तर सिक्कीमच्या ओढ्यात गेलेला २३ वर्षांचा अधिकारी

पाऊलवाट (धागाकर्ती)

परवा घरी जेवताना एक विषय निघाला आणि मनात अडकून बसला. मी लेफ्टनंट शशांक तिवारीबद्दल सांगत होते. ऐकून झाल्यावर नात्यातले एक काका म्हणाले, "वाईट झालं गं पोराचं. पण हा अपघातच म्हणायचा, लढाईत थोडाच गेला?" काका वाईट मनाने बोलले नाहीत, हळहळूनच बोलले. पण माझा घास घशाखाली उतरेना.

ज्यांच्या वाचनातून ही बातमी निसटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २२ मे २०२५ ची गोष्ट. उत्तर सिक्कीममध्ये सिक्कीम स्काउट्स या लष्करी पलटणीची एक तुकडी पुढच्या तळाकडे जाणारी वाट मोकळी करायला निघाली होती. तुकडीचं नेतृत्व शशांककडे होतं. सकाळी अकराच्या सुमारास ओंडक्यांच्या पुलावरून जाताना एका अग्निवीराचा पाय घसरला आणि तो खालच्या धारेला लागला. शशांकने उडी मारली. त्याच्यामागोमाग एक नाईकही उतरला. दोघांनी मिळून त्या पोराला धरलं, काठाला आणलं. तो वाचला. शशांकला मात्र धारेने ओढून नेलं. अर्ध्या तासाने तो ८०० मीटर खाली सापडला, तेव्हा सगळं संपलं होतं. वय २३. मूळचा अयोध्येचा. डिसेंबर २०२४ मध्ये अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश चढलेला, म्हणजे नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. पुढे त्याला मरणोत्तर कीर्ती चक्र हे शौर्यपदक मिळालं.

मी हे इतकं मनाला लावून का घेतलं, तेही सांगते. आमच्या गावी, तळकोकणात, घरापासून शाळेपर्यंत जायला मधे वहाळ होता आणि त्यावर साकव. सुपारीची चार खोडं शेजारी शेजारी टाकलेली, मधेमधे काथ्याने आवळलेली, धरायला एका बाजूला बांबू. जूनपर्यंत काही वाटायचं नाही. आषाढात मात्र खोडांवर हिरवट बुळबुळीत थर यायचा आणि खालून लाल पाणी आवाज करत जायचं. आई सांगायची, पाण्याकडे बघायचं नाही, पलीकडच्या फणसाकडे बघत चालायचं. पाण्याकडे पाहिलं की साकवच वर सरकतोय असं वाटतं आणि तोल जातो. माझ्या वर्गातली एक मुलगी पडली होती. तिला काढायला लगेच कोणी उतरलं नाही. माणसं काठावर होती, ओरडत होती, काठीही पुढे केली होती. पण उतरलं कोणी नाही. ती खाली झुडपात अडकली म्हणून वाचली. त्या माणसांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. उतरणं किती अवघड असतं ते मी त्या दिवशी पाहिलं आहे.

म्हणून 'अपघात' हा शब्द मला टोचला. पाय घसरला तो अपघात. उडी हा अपघात नव्हता. ती त्याने मारली.

---

कोयनाकाठ

धाग्याबद्दल धन्यवाद ताई. बातमी वाचली होती, दोन दिवसांत विसरलोही होतो, याची लाज वाटते. हा मुलगा एनडीएतून, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून गेलेला, म्हणजे आपल्या खडकवासल्याला तीन वर्षं काढलेला. रविवारी सुटीच्या दिवशी पुण्यात बारीक केस कापलेली, ब्लेझर घातलेली पोरं रांगेत चालताना दिसतात ना, त्यांच्यातलाच एक.

---

जुनी पलटण

मी पायदळात २६ वर्षं काढली. सुभेदार म्हणून उतरलो. सातारा जिल्ह्यातला आहे, आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. सिक्कीमला तीन वर्षं होतो, त्यामुळे ती वाट कशी असते ते सांगू शकतो.

तिकडचा नाला म्हणजे आपला ओढा नव्हे. पाणी बर्फाचं. सकाळी लवकर गेलं तर गुडघाभर असतं, ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि दुपारपर्यंत तोच नाला कमरेपर्यंत येतो. खाली वाळू नसते, गोटे असतात, नारळाएवढ्यापासून घराएवढे. पुलाचं म्हणाल तर दोन-तीन ओंडके टाकलेले. पाठीवर पिट्टू (सामानाची पिशवी), खांद्याला हत्यार, पायात ओले बूट. त्यात पडलेल्या माणसाला पोहता येतं की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. पिट्टूत पाणी भरलं की तोच त्याला खाली दाबतो.

आता उडीबद्दल. अशा वेळी विचार करायला किती वेळ असतो? धार माणसाला पळणाऱ्या माणसापेक्षा जोरात नेते. पाच आकडे मोजेपर्यंत तो वळणाआड जातो. दोर काढायचा, गाठ मारायची, फेकायचा, हे सगळं आम्ही शिकवतो आणि तेच बरोबर आहे. पण दोर पिट्टूत असला आणि पोरगा डोळ्यांदेखत चालला असला तर मधे फक्त तुम्ही उरता.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. तो लेफ्टनंट होता आणि पडलेला अग्निवीर, म्हणजे तुकडीतला सगळ्यात नवखा. अधिकारी हुकूम सोडू शकला असता, "जा रे, काढ त्याला." कोणीतरी गेलंही असतं. त्याने हुकूम सोडला नाही. देहरादूनला आयएमएच्या, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या सैन्य अकादमीच्या, चेटवुड हॉलमध्ये जे कोरलेलं आहे ते प्रत्येक अधिकारी पाठ करतो: आधी देशाची सुरक्षा, मान आणि भलं, मग तुमच्या हाताखालच्या जवानांचं, आणि स्वतःचा आराम, स्वतःची सुरक्षा शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. पाठ सगळ्यांचंच असतं. या मुलाला सहा महिन्यांच्या आत ते करून दाखवायची वेळ आली.

मागे उतरलेल्या नाईकाला विसरू नका. साहेब पाण्यात गेल्याचं पाहिल्यावर, धार काय करते ते समोर दिसत असताना तो उतरला. ते दोघं होते म्हणून पोरगा निघाला.

---

पाऊलवाट

सुभेदारसाहेब, वाचताना अंगावर काटा आला. नाईकाबद्दल मी एका वाक्यात उरकलं होतं, ते चुकलंच.

---

सरळरेघ

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. कोणाला दुखवायचा हेतू नाही. माझा मुलगा सध्या एनडीएच्या परीक्षेची तयारी करतोय, त्यामुळे हे सगळं मी बाप म्हणून वाचतोय.

प्रश्न असा की आपण उडीचं इतकं कौतुक करावं का? एकाला वाचवायला दोघे उतरले. तिघेही गेले असते तर? पावसाळ्यात दरवर्षी आपल्याकडे धबधब्यावर, धरणावर हेच होतं: एक बुडतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. अशी उडी मोठी म्हणून सांगितली तर उद्या कोणीतरी पोहता येत नसताना उडी मारेल. आणि त्याचे आईबाप. चार वर्षं मुलाला घडताना बघितलं आणि पाच महिन्यांत तिरंग्यात परत आला. चक्र भिंतीवर लावून त्यांचं काय होणार?

---

स्टेथो

सरळरेघ यांचा मुद्दा खरा आहे आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. मी डॉक्टर आहे, म्हणून आधी शरीराचं सांगते.

बर्फाच्या पाण्यात पडल्याबरोबर माणूस नकळत जोरात श्वास आत ओढतो. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, छाती धडधडते. त्यातून निभावलं तरी दहाएक मिनिटांत हातापायांतली ताकद जाते, बोटं मिटत नाहीत, समोरचा दोरसुद्धा धरता येत नाही. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नाही. शिवाय धारेचा वेग दुप्पट झाला की तिचा अंगावरचा जोर चौपट होतो. म्हणून सामान्य माणसाने उडी मारू नये हे शंभर टक्के बरोबर. आधी काठी, ओढणी, दोर, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते पुढे करावं. उडी अगदी शेवटी, आणि तीही शिकलेल्याने.

पण शशांक धबधब्यावर फिरायला गेलेला नव्हता. तो त्या तुकडीचा प्रमुख होता आणि पडलेला मुलगा त्याच्या जबाबदारीवर होता. दोन्ही प्रसंगांत पाणी आहे, एवढंच साम्य.

मला यावरून कॅप्टन अंशुमान सिंह आठवतात. ते पुण्याच्या एएफएमसीचे, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. सियाचिनला वैद्यकीय अधिकारी होते. १९ जुलै २०२३ च्या पहाटे तिथे दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली. शेजारच्या फायबरग्लासच्या निवाऱ्यात अडकलेल्या माणसांना त्यांनी बाहेर काढलं. मग आग वैद्यकीय निवाऱ्याकडे सरकायला लागली. आत औषधं होती. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत जी औषधं आहेत तीच, दुसरी मागवून तासाभरात येत नाहीत. भाजलेल्यांना ती लागणार हे डॉक्टरला सगळ्यात आधी कळतं. ते आत गेले आणि बाहेर आले नाहीत. त्यांनाही मरणोत्तर कीर्ती चक्र मिळालं, ५ जुलै २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात ते घरच्यांच्या हाती दिलं गेलं.

तो समारंभ मी टीव्हीवर पाहिला. हॉस्टेलच्या खोलीत बसून शरीरशास्त्राची पुस्तकं पाठ करणारा मुलगा डोळ्यांसमोर येत होता. आम्हीही तसेच होतो, नुसतं कॉलेज वेगळं.

---

नौदलनगर

मुंबईची एक घटना इथे यायलाच हवी. आयएनएस सिंधुरत्न, २६ फेब्रुवारी २०१४. पाणबुडी मुंबईजवळच्या समुद्रात सरावावर होती. आत धूर झाला. पाणबुडीत आग म्हणजे काय, तर खिडकी नाही, दार उघडून पळायला जागा नाही. कप्पा बंद करायचा आणि धूर पुढे जाऊ द्यायचा नाही, हाच एक उपाय. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार त्या कप्प्यात आगीशी झगडत होते, सहकाऱ्यांना बाहेर काढत होते. बाकीचे बाहेर आले, हे दोघे आतच राहिले. जखमींना हेलिकॉप्टरने मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात आणलं. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

राजीनाम्याची चर्चा आठवडाभर चालली. त्या दोघांची नावं विचारली तर दहांतला एकही सांगू शकणार नाही. मी त्या वेळी कुलाब्यात राहत होतो. संध्याकाळी हेलिकॉप्टरचा आवाज आला की आम्हाला सवयीचं असतं, मान वर जात नाही. त्या संध्याकाळनंतर माझी जाते.

---

शब्दांकित

काकांच्या 'अपघात' शब्दावर परत येते, कारण माझं काम भाषेचंच आहे. मी वृत्तपत्रात मुद्रितशोधक आहे.

अशी बातमी आली की डेस्कवर हमखास वाद होतो: 'शहीद' लिहायचं, 'हुतात्मा' की 'वीरमरण'? 'शहीद' हा सरकारी शब्द नाही. संरक्षण खात्याने तसं वेळोवेळी सांगितलं आहे. मग कोणीतरी म्हणतं, लढाईत नाही ना गेला, तर 'दुर्दैवी मृत्यू' लिहा. पान सुटायची घाई असते, तेच छापलं जातं.

पण आपल्याच शब्दाकडे जरा बघा. हुत म्हणजे आहुती म्हणून दिलेलं. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. या शब्दात शत्रू कुठेच नाही, रणांगण नाही, बंदूक नाही. आपण मुंबईच्या चौकाला हुतात्मा चौक म्हणतो, तो संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचा, आणि ते सैनिक नव्हते. मग शशांकला हा शब्द लावताना अडखळायचं कशाला? तो त्याला चपखल बसतो, उलट कित्येकदा आपण जिथे वापरतो त्याहून जास्त.

सरकारी पदकांत तर ही सोय पहिल्यापासून आहे. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र शत्रूसमोर नसतानाच्या शौर्यासाठी. १९५२ मध्ये ती अशोक चक्राचे तीन वर्ग म्हणून सुरू झाली, आजची नावं १९६७ ची. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत या देशाने मान्य केलं होतं की गोळीशिवायही शौर्य असतं. घरात जेवताना बोलायच्या भाषेत ते उतरलं नाही, एवढंच.

---

जुनी पलटण

अशोक चक्राचा विषय निघाला म्हणून आठवलं. वायुदलातलं पहिलं अशोक चक्र फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांचं. फेब्रुवारी १९५२. लखनौहून दिल्लीला निघालेलं छोटं डेव्हन विमान, आत सैन्याचे बडे अधिकारी, आणि हवेत इंजिनाने पेट घेतला. बिस्वासांनी जळतं विमान शेतात उतरवलं आणि सगळे वाचले. त्या प्रवाशांत आपले कोल्हापूरकडचे थोरातसाहेब होते, एस. पी. पी. थोरात. बिस्वासही त्या दिवशी वाचले, पण पाच वर्षांनी दुसऱ्या विमान अपघातात गेले. आमचे जुने सुभेदार-मेजर ही गोष्ट थोरातसाहेबांचं नाव घेऊन सांगायचे, बिस्वासांचं नाव त्यांना आठवायचं नाही. मला ते फार उशिरा कळलं.

सरळरेघ दादा, तुम्ही बाप म्हणून विचारलंत, मी सुभेदार म्हणून सांगतो. जवान अधिकाऱ्याच्या मागे का जातो? पगार, शिस्त, हुकूम हे सगळं आहेच. पण रात्री दोन वाजता अंधारात पुढचं पाऊल टाकताना त्याच्या मनात एकच गोष्ट असते, की मी पडलो तर हे मला सोडून जाणार नाहीत. ही खात्री कागदावर देता येत नाही. तुमचा मुलगा तिथे गेला तर तोही एखाद्या ओंडक्यावरून चालत असेल, पुढे-मागे कोणीतरी असेल. त्या वेळी त्याच्याबरोबर कोण असावं असं तुम्हाला वाटेल?

---

सरळरेघ

साहेब, याचं उत्तर मला लगेच देता येत नाहीये. मुलाला हा धागा वाचायला दिला. त्याने वाचला, काही बोलला नाही. संध्याकाळी विचारलं, "बाबा, पोहण्याच्या क्लासची फी किती असेल?" आठवीत सोडला होता त्याने.

---

कृष्णेकाठची

सांगलीहून लिहितेय. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. घरात दोन दिवसांपासून वीज नाही. ब्रह्मनाळला बोट उलटल्याचं कानावर आलं होतं, त्यामुळे सासूबाई बोटीत बसायलाच तयार नव्हत्या. सैन्याची बोट गॅलरीखाली आली. त्यांच्याकडची जास्तीची जॅकेटं आधीच्या घरातल्या मुलांना दिलेली. एक जवान, विशीतला असेल, त्याने अंगातलं केशरी जॅकेट काढलं आणि सासूबाईंना घातलं. पट्टे त्यांच्या नऊवारीवरून नीट बसेनात, तर बोटीत गुडघ्यावर बसून त्याने एकेक बकल लावलं आणि म्हणाला, "माँजी, अब आप नहीं डूबेंगी।" मी त्याला म्हटलं, आणि तू? तो हसला नुसता.

काही झालं नाही. आम्ही सगळे सुखरूप पोचलो, तोही. त्याला कोणतं पदक मिळालं नसणार, कारण घडलंच काही नाही. पण जॅकेट काढताना काही घडणार नाही हे त्याला कुठे ठाऊक होतं? त्याचं नाव विचारायचं राहिलं. सासूबाई दोन वर्षांनी गेल्या, शेवटपर्यंत त्याला 'माझं जॅकेटवालं बाळ' म्हणायच्या.

---

पाऊलवाट

कृष्णेकाठची, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती पदराने डोळे पुसत आत गेली.

---

दरड

एक कागदोपत्री बाजू लिहितो. आमच्या घरातला एकजण फौजेत असताना गेला, सीमेवर, पण गोळीने नाही. जास्त तपशील देत नाही. त्या वेळी आम्हाला पहिल्यांदा कळलं की फौजेत मृत्यूचीही वर्गवारी असते, 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी'. कोणत्या रकान्यात नाव पडतं त्यावर पेन्शन आणि बाकीच्या गोष्टी ठरतात. नियम असायलाच हवेत, ते मान्य. पण फॉर्म भरताना वहिनीने कारकुनाला विचारलं होतं, "शारीरिक म्हणजे? बाकीच्यांचं शरीर नव्हतं का?" त्या बिचाऱ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने तिला पाणी आणून दिलं.

शशांकला कीर्ती चक्र मिळालं याचा मला म्हणूनच जास्त आनंद झाला.

---

कोयनाकाठ

पाऊलवाट ताई, काकांना हा धागा दाखवलात का?

---

पाऊलवाट

दाखवला. त्यांना मोबाइलवर वाचवत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचला. सुभेदारसाहेबांचा पहिला प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "तो वाचलेला पोरगा आता कसा आहे?" मला सांगता आलं नाही. काका म्हणाले, त्याला कोणीतरी सांगायला हवं की यात तुझी काही चूक नाही, पाय कोणाचाही घसरतो.

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. एवढं लिहिलं, पण त्या मुलाकडे मी पाहिलंच नव्हतं.

सुभेदारसाहेब, एक विचारायचं आहे. गावातला मोठा साकव जाऊन तिथे सिमेंटचा पूल झाला, पण वरच्या वाडीला अजून लाकडी साकवच आहे आणि मुलं त्यावरूनच शाळेत येतात. आता मे महिन्यात जाणार आहे तेव्हा तिथे दोर बांधावा म्हणते. कसा बांधायचा?

---

जुनी पलटण

ताई, दोन दोर लागतील.

पहिला साकवावर, हाताला धरायला, मोठ्या माणसाच्या नव्हे तर मुलांच्या छातीच्या उंचीवर. बांबू असला तरी दोर हवाच, बांबू कुजलेला वरून कळत नाही.

दुसरा साकवापासून पंधरा-वीस पावलं खालच्या अंगाला, पाण्याच्या जरा वर, या काठापासून त्या काठापर्यंत. तो सरळ आडवा बांधू नका. तिरका बांधा. ज्या काठाला माणूस बाहेर काढायला सोपं, चढ कमी, त्या बाजूचं टोक खालच्या अंगाला. आडव्या दोराला माणूस मधेच लटकतो आणि धार त्याला दाबून धरते. तिरका असला की दोर धरून राहिलं तरी पुरे, धारच त्याला सरकवत काठाला आणते. नायलॉनचा घ्या, अंगठ्याएवढा जाड. झाडाला बांधताना खोडाभोवती आधी गोणपाट गुंडाळा, नाहीतर पावसात सालीवर दोर घासून तुटतो. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी ओढून बघायला हवं, गावातला एक माणूस त्यासाठी नेमा.

दोन झाडांतलं अंतर मोजून इथे कळवा, किती मीटर लागेल ते सांगतो. मे महिन्याच्या शेवटाला मलाही रत्नागिरीला यायचंच आहे.